किल्लीसकट डबा

आमची आई मोकळेपणानं बोलायची ती फक्त रविवारी दुपारी, आणि तेही आमच्याशी नाही. टेपरेकॉर्डरशी.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, नव्वदच्या सुरुवातीला आखातात नोकरीला गेला. फोन परवडायचा नाही. आई देवळ्याकडची, शाळा जेमतेम पाहिलेली. अक्षराला अक्षर लावून वाचायची, पण लिहिणं सहीपुरतंच यायचं. म्हणून पहिल्या सुट्टीला येताना दादा टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि तिला दोन बटणं दाखवून गेला. तेव्हापासून रविवारची जेवणं आटोपली की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, टेप ओट्यावर ठेवायची आणि माहेरच्या बोलीत सुरू करायची, "कसा शे रे भाऊ? जेवन व्हयनं का?" एवढं बाहेर ऐकू यायचं. मग ती आवाज खाली घ्यायची. आम्हाला नुसती गुणगुण यायची आणि मधूनच भांडं सरकवल्याचा आवाज. तिकडं जाणारा कुणी भेटला की त्याच्यासोबत कॅसेट रवाना व्हायची.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. रविवारी ते बाहेरच्या खोलीत पेपर तोंडापुढं धरून बसायचे आणि कान दाराकडं. ती बाहेर आली की म्हणायचे, झाल्या का माझ्या चुगल्या करून? ती उत्तर द्यायची नाही. आमच्याशी ती कामापुरतंच बोलायची. भाजी संपली, दूध उतू जाईल, पाणी भरून ठेव. कडक होती असं लोक म्हणायचे. मला ती कडकही वाटली नाही कधी, बंद वाटायची.

माझं लग्न लासलगावकडं झालं होतं. ते टिकलं नाही. का टिकलं नाही ते इथं सांगत बसत नाही, त्या घराला आता मी आठवतही नसेन. मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी एक बॅग घेऊन एसटीनं परत आले. आईनं दार उघडलं, बॅगेकडं पाहिलं आणि म्हणाली, "हातपाय धू. जेवून घे." बस. काय झालं, कुणी काय केलं, परत जाणार का, काहीही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, मरेपर्यंत नाही. गल्लीतल्या बायकांनी विचारलं, मावश्यांनी विचारलं, दूधवाल्यानंसुद्धा आडून विचारलं. आईनं नाही.

पण त्या रविवारी तिनं स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलं नाही, आतून कडी लावली. एरवी ती कडी कधी लावायची नाही. गुणगुणही आली नाही त्या दिवशी. वडिलांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता उठून चपला घातल्या. आत माझ्याबद्दल चाललंय हे मला कळत होतं. बाहेर आली तेव्हा तिनं डोळ्यांना पाणी लावलेलं होतं, आणि मला म्हणाली की चहा टाक.

पुढं मी टायपिंग शिकले, मग डीटीपी. शालिमारजवळच्या एका प्रेसमध्ये लागले. गंमत बघा, जिचं लग्न मोडलं ती दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका जुळवत बसायची. चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. काही वर्षांनी घरीही एक कॉम्प्युटर घेतला, म्हणजे लग्नसराईत काम घरी आणता यावं. आई मागून यायची, पडद्यावरच्या गणपतीला हात जोडायची आणि जायची. मला वाटायचं, एक दिवस ही बोलेल. आजारी पडली तेव्हा वाटलं की आता बोलेल. दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसून असायचे आणि ती विचारायची, तुझ्या बापानं औषध घेतलं का.

ती गेली तेव्हा दादा आला तो तिकडच्या सगळ्या कॅसेटी बॅगेत घालून. त्यानं प्रत्येकीवर महिना आणि साल लिहून ठेवलं होतं. आम्ही त्या बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा देव्हाऱ्याखालच्या फळीवर गेला. जायच्या आदल्या दिवशी दादानं त्यातली एक काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर माझ्या परत येण्याचाच महिना होता. म्हणाला, "ही तू ऐक. पण सावकाश. जमेल तेव्हा." मी ती परत डब्यात ठेवली. घाई काय होती? ती कुठं पळून जाणार होती?

वडील मात्र रोज संध्याकाळी एक लावायचे. त्यांच्याबद्दल ती काय काय बोलली होती ते त्यांना आता कळत होतं, आणि हसता हसता त्यांचा चेहरा ओला व्हायचा. त्या कॅसेटी म्हणजे घरातली भाजी, शेजारणीची भांडणं, कुणाच्या लग्नात वरण कसं पातळ होतं ते. आई किती नकलाकार होती हे आम्हाला ती गेल्यावर समजलं. माझ्या महिन्याची कॅसेट वडीलही लावत नसत. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ती डब्यात कायम तळाशी असायची.

नाशिकच्या पावसाळ्यांनी त्या कॅसेटींची वाट लावली. फितीवर पांढरी बुरशी धरायला लागली, आवाज पाण्याखालून आल्यागत यायचा, एकदोन फिती तुटल्या. वडिलांनी त्या चिकटपट्टीनं जोडल्या, लेथवरच्या माणसाच्या हातानं, अगदी नीट. तरी तेवढ्या जागी आई एक शब्द गिळायचीच. शेवटी मी ठरवलं की सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं. टेपपासून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर, इकडं कॅसेट चालू करायची, तिकडं रेकॉर्डिंगचं बटण. कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ लागतो, त्यात लबाडी चालत नाही. आवाज चालला की पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली नाचतात. बाकीच्या मी ऐकत ऐकत उतरवल्या.

त्या एका कॅसेटीला मी स्पीकरचा आवाज पूर्ण बंद केला. चालू केली आणि भाजी फोडणीला टाकायला गेले. परत आले तर पडद्यावर सरळ सपाट रेघ. मला वाटलं संपली. बंद करायला हात पुढं केला आणि पट्ट्या हलल्या. बारीक, अगदी बारीक, जेमतेम उठून खाली. मग पुन्हा सपाट, खूप वेळ. मग एकदम उंच. मी तिथंच उभी राहिले. आवाजाचं बटण हाताशी होतं. वाटलं, आता नको, आता भाजी करपेल. एकदा नीट उतरवून झालं की कधीही ऐकता येईल, अगदी शंभरदा ऐकता येईल. शेवटपर्यंत मी आईला बोलताना नुसतं बघितलं.

दादा तोवर तिकडंच कॉम्प्युटरच्या खात्यात शिरला होता. त्याचं सुरू झालं की घरच्या कॉम्प्युटरवर भरवसा ठेवू नका, डिस्क आज आहे उद्या नाही, आणि लोडशेडिंगच्या गावात तर विचारूच नका. दोन हजार आठ-नऊचा तो काळ. आमच्या भागात वीज येण्याजाण्याचं वेळापत्रक पाठ करावं लागायचं. त्यानं फोनवर सांगितलं की आता परदेशी कंपन्या इंटरनेटवरून जागा भाड्यानं देतात, त्यांच्या मोठमोठ्या कॉम्प्युटरांवर. तिथं आपली एक बकेट करायची आणि तिच्यात फायली टाकायच्या. आपलं घर बुडालं, जळलं तरी फायली शाबूत. वडिलांनी विचारलं, बकेट म्हणजे बादली? तुझ्या आईला बादलीत ठेवतो का रे? फोनवर तिघंही हसलो. आई गेल्यानंतर आम्ही असं एकत्र हसलो ते बहुतेक तेवढंच.

खातं दादाच्या कार्डावर निघालं. बकेटला असं नाव लागायचं की जे साऱ्या जगात दुसऱ्या कुणी घेतलेलं नाही. वडिलांनी आईचं माहेरचं नाव गावासकट सांगितलं आणि ते लगेच मिळालं. त्याचा त्यांना फार अभिमान वाटला. साऱ्या जगात एकच, असं ते शेजाऱ्यांना सांगायचे.

पण फायली जशाच्या तशा वर टाकायला दादा तयार नव्हता. त्या कॅसेटींत घरातलं सगळं होतं, कुणाकुणाची दुखणी, आणि माझंही. परक्यांच्या कॉम्प्युटरवर ते उघडं ठेवायचं नाही, म्हणाला, आधी कुलूप घालायचं. त्यासाठी एक प्रोग्रॅम होता. तो फाईल घेतो, तिचा पार भुगा करतो, नावसुद्धा बदलून टाकतो, आणि मग वर पाठवतो. भुग्याची परत फाईल करायला एक किल्ली लागते. किल्ली म्हणजेही एक छोटी फाईलच. दादानं पुन्हापुन्हा बजावलं की ती हरवली तर खुद्द त्या कंपनीलाही काही करता येणार नाही. किल्ली कॉम्प्युटरवर ठेवायची नाही, ईमेलनं पाठवायची नाही. एका पेन ड्राइव्हवर घ्यायची, कॉम्प्युटरवरून पुसायची आणि पेन ड्राइव्ह वेगळा जपायचा. दिवाळीला आलो की मी माझी प्रत घेऊन जाईन, म्हणाला.

माझ्यासाठीच चाललं होतं ते सगळं कुलूपकिल्लीचं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

वीज असेल तेव्हा, थोड्या थोड्या, फायली वर जात राहिल्या. मध्येच लाईट जायची आणि अर्धी गेलेली फाईल पहिल्यापासून पाठवावी लागायची. वडील रोज विचारायचे, किती पोचली? सगळी पोचली त्या दिवशी त्यांनी देवापुढं साखर ठेवली. पेन ड्राइव्ह त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. तुझ्या पसाऱ्यात हरवेल, मी ठेवतो, म्हणाले. ज्या माणसानं उभ्या नोकरीत एक पाना इकडचा तिकडं होऊ दिला नाही, त्याच्याकडं मी तो निर्धास्त दिला.

त्यानंतर पितृपक्ष आला. सर्वपित्रीला मी प्रेसमधून घरी आले तर फळीवरचा डबा नव्हता. वडील म्हणाले, गंगेवर जाऊन सोडून आलो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फिती सडलेल्या, टेपलाही धड लागत नाहीत, आणि ती तर आता वर नीट पोचली आहे. मग हे काय करायचं? भंगारवाल्याला द्यायचं? तिचा आवाज भंगारात? भंगलेली मूर्ती, देवाचा फाटका फोटो, हे आपण पाण्यातच सोडतो, तसंच हे. काठावरच्या निर्माल्याच्या कुंडात टाकावं असंही त्यांना वाटलं नाही, गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी डबा धारेला लावला होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्यांनी हे मनानं केलं म्हणून मी त्यांना गरम पिठलं करून वाढलं.

नवरात्रात एका दुपारी गेलेली वीज भलत्याच दाबानं परत आली. गल्लीतल्या दोन घरांचे टीव्ही गेले आणि आमचा कॉम्प्युटर गेला. दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाशी धरून हलवली, आणखी एकाकडं पाठवली, आणि शेवटी मान हलवत माझ्या हातात ठेवली. माझ्या पत्रिका गेल्या, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. पण आईची मला काळजी नव्हती. मी प्रेसच्या कॉम्प्युटरवर दादाला फोनवर धरून तो प्रोग्रॅम बसवला, बकेट उघडली. सगळ्या फायली जागच्या जागी, आडव्यातिडव्या अक्षरांची नावं लावून बसलेल्या. प्रोग्रॅमनं किल्ली मागितली.

घरी आले. वडील देव्हारा पुसत होते. मी म्हटलं, "अण्णा, तो पेन ड्राइव्ह द्या."

"तो डब्यातच होता ना."

"कोणत्या डब्यात?"

"तिच्याच. कॅसेटींच्या." माझा चेहरा बघून ते घाईनं सांगायला लागले. "जिची चावी तिच्यापाशी असावी माणसानं. आमच्याकडं लेथचा चक आवळायची चावी लेथलाच लटकवलेली असायची, इकडंतिकडं नाय ठेवायची. म्हणून मी तो त्यांच्यातच ठेवला, धागा बांधून."

मी विचारलं, मग डबा सोडताना?

"दिसला ना. लाल धागा होता." त्यांनी फडक्याची घडी घातली. "मला वाटलं, त्यात बी तीच हाय."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. मला ओरडताच आलं नाही. मी खाली बसले आणि ते पुसायचं फडकं हातात धरून उभेच राहिले. मग त्यांनी विचारलं, वर आहे ना ती? मी म्हटलं, आहे. मग झालं तर, म्हणाले. काय झालंय ते त्यांना समजायला दोन दिवस लागले, आणि समजल्यावर ते जेवायचे थांबले.

मी गंगेवर गेले. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण त्या दिवशी मी रामकुंडापासून पुढच्या पुलापर्यंत प्रत्येक पायरी बघितली. तिथं पाण्यात बुड्या मारून लोकांनी टाकलेली नाणी काढणारे काही जण असतात. त्यांतल्या एका वयस्कर माणसाला मी डब्याचं वर्णन सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. सर्वपित्रीनंतर वरून धरणाचं पाणी सोडलं होतं, सगळा घाट धुऊन गेला, म्हणाला. तरी माझ्यासाठी तो दोनदा खाली गेला. वर आणलं ते एका देवाच्या फोटोची चौकट आणि चिखल.

"ताई, गंगेत गेलं ते गेलं," तो म्हणाला. "लोक म्हणूनच इथं सोडत्यात."

दिवाळीला दादा आला. किल्लीची प्रत न्यायला येणार होता, आता न्यायला काही उरलं नव्हतं. त्यानं चार दिवस काय काय करून पाहिलं, तिकडच्या जाणत्या मित्रांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. कुलूप चांगलं होतं. इतकं चांगलं की आमच्या आयुष्यात ते तुटणार नाही, आमच्यानंतरही नाही. वडिलांसमोर त्यानं हे सांगितलं नाही, गच्चीवर नेऊन मला सांगितलं.

तिथंच मी त्याला विचारलं, "त्या कॅसेटीत काय होतं, दादा?"

त्यानं दोन्ही हात कठड्यावर ठेवले. म्हणाला, मी ती एकदाच ऐकली, पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, एकदा ऐकलंस तेवढं सांग. माझ्यावर रागावली होती का? मी परत आले ते तिला चुकीचं वाटलं होतं का? की बरं वाटलं होतं? एवढं एकच सांग.

"ती रडत होती," तो म्हणाला. "मग खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, हे तिला सांगू नको. म्हणून मी ते विसरायचा प्रयत्न केला गं. तिकडं एकटा असायचो, दुसरं काय करणार होतो? विसरलो मी ते."

मग मला ऐकायला का सांगितलंस, असं मी विचारलं. ती गेल्यावर त्याला वाटलं होतं की आता तिची मनाई उरली नाही, आणि तो स्वतः सांगू शकत नव्हता तर निदान मी तिच्याच तोंडून ऐकावं. माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे. आईनं विसर म्हटलं नव्हतं, तरी त्यानं विसरून दाखवलं. त्याच्यावर रागवायलाही मला कुठं जागा सापडली नाही.

वडील नंतर काही वर्षं होते. संध्याकाळी त्या वेळेला ते टेपरेकॉर्डरसमोर येऊन बसायचे. सुरुवातीला ते मला तिची वाक्यं म्हणून दाखवायचे, त्या पातळ वरणाची गोष्ट, शेजारणीची नक्कल. हळूहळू त्यांच्या बोलण्यात तिची बोली जाऊन त्यांची सिन्नरकडची आली, आणि एका संध्याकाळी तेच म्हणाले की शब्द आठवतात, पण कानात ती येत नाही. मला धीर द्यायला एकदा म्हणाले, पाण्यात सोडलेलं तिला पोचतं. मी म्हटलं, अण्णा, तिचं तिला पोचून काय उपयोग? मला पोचायला हवं होतं. ते टेपरेकॉर्डरवरची धूळ पुसायला लागले. मी असं बोलायला नको होतं, पण दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

बकेट अजून आहे. दादा दर वर्षी विचारतो, बंद करू का? मी म्हणते, राहू दे. तिथं आई साऱ्या जगात एकाच नावानं आहे आणि सुरक्षित आहे, चोराला, कंपनीला, मला, कुणालाच ती मिळणार नाही. फायलींची नावं गेली तरी लहानमोठेपणा दिसतो, आणि माझ्या महिन्याची कॅसेट सगळ्यांत छोटी होती. त्यामुळं ती कोणती हे मला ठाऊक आहे.

मागं एकदा मी तेवढी एक फाईल खाली उतरवून घेतली. आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते, कुठलीही फाईल जबरदस्तीनं आवाज म्हणून उघडायची. तशी उघडली. या वेळी स्पीकर पूर्ण मोठा ठेवला आणि समोर बसून राहिले. नुसती खरखर, आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटल्यासारखी, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरपर्यंत भरलेल्या होत्या. मी सरकवत सरकवत शेवटपर्यंत पाहिलं. ती सपाट रेघ त्यात कुठंच नव्हती.